डी ड्राइव्हची जागा

विश्वास ठेवा अगर नका ठेवू. माउस माझ्याच हातात होता. रविवारची दुपार, लख्ख ऊन, ताईच्या घरातली पुढची खोली.

भावोजींना जाऊन वर्ष होत आलं होतं. ताईने शिवणकाम शिकवायचे व्हिडिओ करायला घेतले होते. लग्नानंतर पहिल्यांदाच तिने स्वतःचं काही मांडलं होतं. पण कॉम्प्युटरमध्ये जागाच नव्हती. बहुतेक सगळी भावोजींच्या फायलींच्या डी ड्राइव्हने अडवलेली, तो निम्मा रिकामा असूनही. ते असताना ताईने त्या कॉम्प्युटरला नुसता हात लावला तरी घर डोक्यावर घ्यायचे.

“त्यांचं काही पुसू नकोस हं,” ताई म्हणाली. “जरा कडेला सरकव. मला थोडी जागा कर.”

ड्राइव्ह लहानमोठे करायचं पार्टिशनचं सॉफ्टवेअर मी पहिल्यांदाच उघडत होतो. पण अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला मी! म्हटलं, “हा तर डाव्या हातचा मळ.”

स्क्रीनवर दोन पट्टे दिसले. छोटा सी, त्यात ताईचे व्हिडिओ. लांबलचक डी. कड धरून ओढली की पट्टा लहान होतो. अर्थात ते नुसतं चित्र. ‘अप्लाय’ दाबेपर्यंत खरं काहीच बदलत नाही.

मी डी लहान केला. रिकामी जागा उघडली.

आणि...

डी परत पसरला.

“तुझा हात हलला असेल,” ताई म्हणाली.

पुन्हा ओढला.

पुन्हा पसरला.

मी माउसची वायरच उपटली.

कॉम्प्युटरची घरघर थांबली. खाली खेळणारी पोरंही एकदम गप्प झाली. स्क्रीन मात्र चालू होती...

डीची कड हलत होती. आता सीच्या अंगावर.

मागे कुणीतरी घसा खाकरला...

ताई चटकन सावरून उभी राहिली. भावोजी घरात शिरले की राहायची, तशी.

मी पॉवरच्या बटणाकडे हात नेला. “ताई, मी बंद करतो हे!”

“नको रे. त्यांना कमी पडतंय.”

मी अडवायच्या आत तिने कीबोर्डवरचं एंटर दाबून ‘अप्लाय’ केलं.

स्क्रीनवर एकच पट्टा उरला. ताईचे व्हिडिओ गेले ते गेलेच.

गेल्या महिन्यात गेलो, तर दोन्ही खोल्यांना बाहेरून कडी. ताईचं अंथरूण स्वयंपाकघरात, ओट्याला लागून.

“माझ्याकडे चल,” मी हात जोडले.

“मावतेय की इथे,” ती म्हणाली.

काल तिचा फोन आला. हल्ली गॅलरीत झोपते म्हणे.

उद्या पहिल्या गाडीने तिला आणायला निघतोय. तोवर जीव थाऱ्यावर नाही.

ताईचं घर चौथ्या मजल्यावर आहे.