चकचकीत की मॅट

धाकटा मॉनिटर घ्यायला निघाला, त्या दिवशी थोरल्याला जाऊन तीन आठवडे झाले होते. चेहऱ्यावर दुःख नव्हतं असं नाही, पण ते उसन्या कोटासारखं, खांद्यात न बसणारं. खिशात मोजपट्टी मात्र आठवणीने घेतली होती. टेबल किती रुंद, डोळ्यांपासून पडदा किती लांब, सगळं त्याने आदल्या दिवशीच मोजून ठेवलं होतं. थोरला होता तोवर मोजायला जागाच नव्हती. खोलीच्या मधोमध त्याची लोखंडी खाट, आणि खाटेवर तो.

धाकटा घरी बसून इमारतींचे नकाशे काढायचा. सकाळी नकाशे, दुपारनंतर गेम. जुन्या पडद्यावर जिना कुठला आणि गटार कुठलं ते कळत नसे, म्हणून आता मोठा हवा होता.

दुकानदार म्हातारा आणि खडूस. बसा म्हणायचा तेसुद्धा उपकार केल्यासारखं.

"काम की खेळ?"

"दोन्ही."

"दोन्ही म्हणणारे खेळतच बसतात," म्हातारा म्हणाला आणि बत्तीस इंची फोर-के समोर सरकवला. "रेघ बघा. मुंगीची मिशीसुद्धा मोजता येईल."

खोटं नव्हतं. अक्षरं अशी की खोलीच्या दुसऱ्या टोकावरून वाचावीत. धाकट्याच्या तोंडाला पाणी सुटलं.

"आता एकच ठरवा. चकचकीत की मॅट? चकचकीत रंग झकास दाखवतो, पण तो आरसा आहे. मॅटमध्ये रंग जरा मरतात, पण पाठीमागचं काही उमटत नाही."

"पाठीमागचं बघायचंय कोणाला? मला रंग हवेत."

"ठीक. पडदा काळा करतो. एखादं टिंब बिघडलेलं असलं तर पांढरं चमकेल. नीट बघा." म्हाताऱ्याने पडदा काळा केला आणि तो मॉनिटरच्या मागे, धाकट्याच्या समोर उभा राहिला. "काय दिसतंय?"

"टिंब नाही. मी दिसतोय, आणि मागे ते उभे आहेत ते."

"ते कोण?"

"मला काय माहीत? तुमचंच गिऱ्हाईक असेल."

म्हातारा धाकट्याच्या खांद्यावरून मागे बघत राहिला. मग हळू म्हणाला, "मागे भिंत आहे, साहेब..."

धाकटा वळला. वीतभर अंतरावर भिंत, छतापर्यंत रचलेले खोके. माणूस सोडा, मांजर उभं राहिलं नसतं.

"तुम्ही मॅट न्या," म्हातारा म्हणाला.

धाकटा मनात हसला. पडून राहिलेला माल गळ्यात मारायला बघतोय थेरडा. त्याने चकचकीत घेतला.

घरी खाट अजून होती. भंगारवाला दोनदा येतो म्हणाला आणि आला नाही. धाकट्याने ती भिंतीकडे रेटली आणि तिच्याकडे पाठ करून टेबल लावलं. खोक्याची चिकटपट्टी कापायला काही सापडेना, तेव्हा त्याने खाटेवरचा चमचा उचलला आणि त्याच्या दांड्याने पट्टी फाडली.

त्या चमच्याचं सांगायला पाहिजे. थोरला दुकानांच्या पाट्या रंगवायचा. धाकट्याचं शिक्षण, त्याचा पहिला कॉम्प्युटर, सगळं त्याच ब्रशातून निघालं होतं. चार वर्षांपूर्वी पाटी रंगवताना तो शिडीवरून पडला. त्या दिवशी हिरवा रंग चालू होता. दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवे, मधल्या बहिणीने, ताईने, येऊन आठवडाभर घासून काढले. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. उरला डावा हात. ताईने त्यात स्टीलचा चमचा दिला आणि खाटेच्या दांडीवर वाजवायला शिकवलं. एक ठोका म्हणजे पाणी. दोन म्हणजे लघवीचं भांडं. तीन म्हणजे श्वास अडकतोय, मला कुशीवर वळव.

ताई दूर राहायची. वळवायचं धाकट्याने.

तीन आठवड्यांपूर्वीच्या त्या दुपारी गेम रंगात होता आणि कानांवर हेडफोन. तीन ठोके आले. ते त्याला ऐकू आले, हे जगात त्याच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. त्याने आवाज चाळीसवरून पन्नासवर नेला. पुन्हा तीन ठोके. साठ. पुन्हा तीन. सत्तर. थोरला ठोकत गेला, हा वाढवत गेला. शंभरला पोचला तेव्हा ठोके थांबले. दिवेलागणीला हेडफोन काढले तेव्हा खोली फार शांत होती. खाटेच्या दांडीचा रंग उडून खाली लोखंड दिसत होतं.

ताईला सांगितलं, झोपेतच गेला. शेजारची मावशी दारात येऊन म्हणाली, "अरे, दुपारभर तुमच्याकडे ठोकाठोकी चालली होती, मी ऐकली रे..." धाकटा तिच्यावर खेकसला, "मावशी, दुसऱ्याच्या भिंतीला कान लावून बसायचं वय आहे का तुमचं? पुन्हा काही ऐकू आलं तर आपलं दार लावून घ्या." मावशीने दार लावून घेतलं. सुंठीवाचून खोकला गेला, असं धाकट्याला वाटलं. खरंच वाटलं.

तर पडदा लागला. दुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन. रंग उठून दिसावेत म्हणून त्याने खिडकीचे पडदे ओढून खोलीत अंधार केला आणि गेम सुरू केला. रंग काय होते! मग गेममधला माणूस भुयारात शिरला आणि पडदा काळा झाला.

काळ्यात धाकट्याचा चेहरा उमटला. मागे खाट. खाटेवर कोणीतरी उठून बसलेलं.

तो गर्रकन वळला. खाट रिकामी. गुंडाळलेली गादी, बस.

"गादीच ती," तो स्वतःशीच म्हणाला.

भुयारातून वर आला की रंग, उजेड, धमाल. पुन्हा खाली गेला की काळं. दुसऱ्या वेळी खाटेवरच्याचे पाय जमिनीवर टेकलेले होते. जुन्या औषधी तेलाचा वास आला, त्यात टर्पेंटाइनचा... तिसऱ्या वेळी खाट रिकामी होती. धाकट्याचा जीव भांड्यात पडला, आणि मग त्याला दिसलं की आपल्या खुर्चीमागे कोणीतरी उभं आहे. चार वर्षं ज्याला बसता येत नव्हतं, तो उभा होता. खांदा अजून थोडा कललेला.

धाकट्याने हेडफोन फेकले. ते खाटेखाली जाऊन पडले. काढायला वाकला तेव्हा कानाच्या गादीवर हिरवा ठिपका दिसला. त्याने नखाने खरवडला. ओला होता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी तो खोकं घेऊन पायरीवर उभा. म्हाताऱ्याने कुलूप काढलं. खोकं ठेवून घेतलं, मॅट काढून दिला.

"यात काही दिसणार नाही ना...?" धाकट्याने विचारलं.

"नाही दिसणार," म्हातारा म्हणाला. "साहेब, मी पडदा बदलून दिलाय. तेवढंच माझ्या हातात."

आणि खरंच काही दिसलं नाही. पडदा काळा झाला की पाटीसारखा नुसता काळा. धाकटा तासभर भुयारात मुद्दाम हिंडला. कोणी नाही. तो मोठ्याने हसलासुद्धा. थेरड्याने उगाच घाबरवलं.

मग हेडफोन आवळल्यासारखे वाटले. त्याने ते सैल करायला हात नेला, पण गाद्या कानांवर रुतत गेल्या, कोणीतरी दोन्ही तळव्यांनी दाबावं तशा. कोपऱ्यातला आवाजाचा आकडा हलला. पन्नास. त्याने बोट लावलं नव्हतं. साठ. सत्तर. डोक्यात घण बसायला लागले. त्याने ओरडायला तोंड उघडलं, तर जीभ मेलेल्या मांसासारखी पडून राहिली. उजवा हात मांडीवर गळला. पाय गेला. तोंडाची एक बाजू खाली ओघळली.

डावा हात टेबलावर चाचपडला. पट्टी फाडलेला चमचा तिथेच होता.

त्याने ठोकले. तीन. पुन्हा तीन. भिंतीपलीकडे मावशी भाजी निवडत होती. तिने ऐकलं. ती उठली, दारापर्यंत आली, आणि तिला ते बोलणं आठवलं. तिने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ताई आली तेव्हा तो खुर्चीतच होता, जिवंत.

दवाखान्यातून आणून त्याला त्याच खाटेवर टाकला. भंगारवाला शेवटी आला तेव्हा ताईने त्याला परत पाठवला. "दादाची खाट कामी आली बघ," ती म्हणाली आणि त्याच्या डाव्या हातात चमचा दिला. "तुला शिकवायला नको. एक पाणी, दोन भांडं, तीन श्वास. हे दिवसभर घरीच असतात, ऐकतील."

हे म्हणजे मेव्हणा. दोघं इथेच राहायला आली. मेव्हण्यालाही मॉनिटर काम आणि खेळ दोन्हीसाठी लागतो. ताई कामाला गेली की तो त्याच खुर्चीत बसतो, त्याच टेबलाला, कानांवर तेच हेडफोन. पाठ खाटेकडे.

काल दुपारी धाकट्याच्या घशात कफ अडकला. त्याने तीन ठोके दिले. मेव्हण्याचे दोन्ही हात कीबोर्डवर होते. चांगला माणूस आहे, ऐकलं असतं तर धावला असता. पण त्याच्या कानांवरच्या गाद्या हळूच आत दबल्या, एकदम दोन्ही बाजूंनी.

धाकट्याला खाटेवरून पडद्याचा कोपरा लख्ख दिसत होता. फोर-केच तो, मुंगीची मिशी मोजावी असा. चाळीस. त्याने पुन्हा तीन ठोकले. पन्नास. पुन्हा. साठ.

मेव्हण्याचा कान खाजला. त्याने हेडफोनखाली बोट घातलं, बाहेर काढलं, बोटाला लागलेलं ओलं हिरवं काहीतरी क्षणभर बघितलं, पँटला पुसलं, आणि हेडफोन पुन्हा नीट बसवले.

सत्तर.