न उमटणारी अक्षरं

"ताई, मी लॅपटॉपवर पाणी नाही सांडलं," शिखा दारातूनच म्हणाली. "तरी मॅडमनी सगळ्या पेशंटसमोर मला निकालून दिलं."

कमल शिर्के देवासात खासगी तपासाची कामं घेत. त्यांचे सोबती तुकोजीराव, निवृत्त हवालदार, हसले. "कीबोर्डसाठी डिटेक्टिव्ह?"

"कीबोर्ड गेला तर गेला, काका. माझी इज्जत गेली ना."

कमलताईंनी चपला पायात सरकवल्या.

शिखा कामाला होती तो डॉक्टर चिंतामणी सुभेदारांचा डोळ्यांचा दवाखाना पलीकडच्या गल्लीतच होता. त्यांची मुलगी देवश्री धारला प्रॅक्टिस करी. उद्या लोहारद्याला वडिलांचं मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं शिबिर होतं, म्हणून ती काल आली होती.

"पेशंटची माहिती भरायला बसले, तर एक अक्षर उमटेना," देवश्री म्हणाली. "आणि ही ओलं फडकं घेऊन टेबलाशी उभी. आणखी काय पाहिजे?"

"पासवर्ड टाकता आला?"

"हो, याच कीबोर्डनं. आत गेल्यावर बंद पडला. दुकानदारानं दुसरा कीबोर्ड जोडला, तर तोही मुका."

"पासवर्ड कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"बाबांना आणि मला."

कमलताईंनी लॅपटॉप पुन्हा सुरू करायला लावला. पासवर्ड बिनतक्रार गेला. मग त्यांनी भराभर बोटं चालवली. पडदा कोराच.

तुकोजीराव खुर्चीत बसले. 'क' शोधायलाच त्यांना वेळ लागला. सापडल्यावर त्यांनी बोट त्यावर असं टेकवलं की उचलायचं विसरले.

"घ्या! माझ्या हातून उमटला की!"

"एखादं बटण चालत असेल," देवश्री चिडून म्हणाली.

कमलताई बाहेर बाकावर शिखाजवळ बसल्या. "डॉक्टर लॅपटॉप वापरतात?"

"आधी नाही. औषधांचे पर्चे हातानंच लिहायचे. दिवाळीनंतर स्वतः टाइप करून छापायला लागले. दार लावून बसतात."

डॉक्टर आपल्या खोलीत होते. समोरच्या चहावर साय धरली होती. दोन्ही हात कोटाच्या खिशात.

"लॅपटॉपमधलं मला काही कळत नाही," ते म्हणाले.

"शिखाला काढलं तेव्हा तुम्ही इथंच होता?"

"होतो." त्यांनी नजर खाली वळवली.

कमलताईंनी सगळ्यांना त्या खोलीत बोलावलं.

"पाण्यानं बटणं मेली असती, तर पासवर्डही टाकता आला नसता. आणि नवा कीबोर्ड चालला असता. म्हणजे बिघाड बटणांत नाही, आतल्या सेटिंगमध्ये आहे. तुकोजीरावांचं अक्षर का उमटलं? त्यांनी बटण दाबून धरलं म्हणून. पटकन लागून सुटलेलं बोट लॅपटॉपनं मोजायचंच नाही, अशी एक सोय असते." त्यांनी माउसनं ती बंद केली आणि टाइप केलं. अक्षरं धावत सुटली.

"पण अशी सोय कुणाला लागते?" तुकोजीरावांनी विचारलं.

"ज्याची बोटं नको त्या बटणांवर आपटतात, त्याला. सेटिंग पासवर्डच्या आत आहे, म्हणजे शिखा सुटली. देवश्री कालच आल्या आणि त्यांनाच ती नडली. उरलं कोण? लॅपटॉपमधलं काही कळत नाही म्हणणारे, हातानं लिहिणं सोडून दार लावून टाइप करणारे, समोरचा चहा न उचलणारे..."

डॉक्टरांनी उजवा हात खिशातून काढून टेबलावर ठेवला. तो थरथरत होता. डाव्यानं दाबला, तरी थांबेना.

"बाबा! आणि उद्या तुम्ही लोकांच्या डोळ्यांत..."

"ऐन वेळी स्थिर होईल, असं वाटायचं." त्यांचा चेहरा उतरला होता. "शिखा, तुला बोलणी बसत होती तेव्हा मी एका शब्दानं..."

"मी तुमच्याकडेच बघत होते, सर," शिखा म्हणाली. "तुम्ही खाली बघितलं."

देवश्रीनं शिखाचा हात धरायला हात पुढे केला. शिखानं तो धरू दिला नाही.

मग डॉक्टर उठले आणि पेशंट बसले होते त्या बाहेरच्या खोलीत गेले.

"हिनं काही बिघडवलं नव्हतं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मला माहीत होतं, तरी मी गप्प बसलो." मग मुलीकडे वळले. "लोहारद्याला फोन लाव. बटणं मला दाबता येत नाहीत."

शिबिरवाल्या रघुजींना बहुधा नीट ऐकू गेलं नसावं. डॉक्टरांना आवाज चढवून पुन्हा सांगावं लागलं.

"नहीं भिया, तबियत ठीक है। हाथ काँपता है मेरा। हाथ!"