माउस हलते का?

पौर्णिमाच्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड पहिल्यांदा अडकला, तेव्हा अमरावतीहून दुरुस्तीला नेहमी येणारा माणूस आजारी होता, म्हणून शुभंकर आला. अकोल्याच्या एका कापूस संशोधन केंद्रात ती शेतकऱ्यांसाठी पुस्तिका तयार करायची.

"माउस हलते का?" त्यानं विचारलं.

"माउस हलते. मीच हलली नाही सकाळपासून."

तो हसला नाही. पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या तिनं पाहिल्या.

पुढं कीबोर्ड अधूनमधून अडकतच राहिला. नवा आणून लावला तरी तेच. माउसनं स्क्रीनवरच्या खिडक्या उघडत, मिटत. अक्षर मात्र उमटत नसे.

"यात दोन प्रोसेसर हायेत," एकदा तो म्हणाला. "कीबोर्डचं काम आलं का दोघंही एकमेकाची वाट पाहत बसतात."

"समजदार दिसतात."

"समजदार कायचे? काम अडून राहिलं ना..."

मागच्या आठवड्यात बसस्टँडवर, अमरावतीची गाडी लागलेली असताना, तो अचानक म्हणाला होता, "मले हैदराबादची नोकरी लागली. तुमी म्हणसान तर... थांबतो."

आपल्या एका शब्दावर एका माणसानं नोकरी सोडायची, याचं तिला भय वाटलं. ती गप्प राहिली. गाडी निघून गेली.

हैदराबादच्या कंपनीला त्यानं आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. आणि दुपारीच कीबोर्ड अडकला. त्याला फोन करणं भाग होतं. शेजारच्या टेबलावर किसनराव बसलेले – तिच्याच गावचे, तेल्हाऱ्याचे, तिच्या वडिलांचे मित्र. कान इकडंच.

"माउस हलते का?" शुभंकरचा आवाज कोरडा होता.

"हलते."

"इथून नेटवर्कवर तुमची स्क्रीन दिसून राहिली मले. आता एकाच प्रोसेसरवर चालवून पाहतो. हळू चालीन, पण अडणार नाही." तो थांबला. "हे शेवटचंच काम माह्यं."

समोर पुस्तिका उघडी होती. 'पेरणीची घाई करू नका. पुरेशी ओल होईपर्यंत थांबा.' पौर्णिमानं माउसनं शेवटचा शब्द निवडला, कोरं पान उघडलं आणि तो तिथं नेऊन ठेवला.

थांबा.

"कुठवर?" त्यानं अगदी हळू विचारलं.

ती पानं सरकवत गेली. फवारणी गेली, फुलोरा गेला... 'जमिनीत ओलावा कायम ठेवा.' तिनं त्यातला एकच शब्द उचलला.

कायम.

अमरावतीहून त्यानं घसा खाकरला.

"मशीन बंद करून चालू करा लागते. स्क्रीनवरचं जाईन. सेव्ह करून घ्या."

तिनं दोन शब्दांचं ते पान सेव्ह केलं. किसनरावांनी मान वर केली होती. तिनं त्यांच्याकडं पाहिलं, आणि फोनवर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"तेल्हाऱ्याले कधी येता? बाबा रविवारी घरीच असतात."