पाच मिनिटांनी मरणारं इंजिन

बंद पडलेलं इंजिन दहा मिनिटं गप्प बसतं, मग आपलं आपणच बरं होतं, सुरू होतं आणि पाच मिनिटांत पुन्हा मरतं. कुणी काहीच दुरुस्त केलेलं नसताना ते बरं कसं होतं? हे कोडं मला घरी कुणी घातलं असतं तर मजा आली असती. मला ते पडलं भर समुद्रात, खडकांकडे वाहत चाललेल्या होडीत. मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते.

माझे आजोबा, भिकाजी तांडेल, समुद्रशास्त्रज्ञ आहेत. खाडीबाहेर त्यांचा एक तरंगक आहे (पाण्यावर तरंगत समुद्राचं तापमान मोजणारं यंत्र). तो बिघडला होता. आता आमच्याकडे सगळ्या होड्या विजेवर चालतात, पण आठवडाभर ऊन नव्हतं, त्यामुळे चार्जिंग बंद. मग आजोबांनी आपलं जुनं टू-स्ट्रोक इंजिन बाहेर काढलं. ते माझ्या बाबांहूनही म्हातारं. होडीत आम्ही दोघं आणि खुबा. खुबा म्हणजे आमचा कलिंगडाएवढा यंत्रमानव.

तरंगक दुरुस्त झाला, निघताना आजोबांनी टाकीचं सैल राहिलेलं झाकण घट्ट आवळलं, आणि परतताना इंजिनाने हा खेळ मांडला. इंजिन सुरू करायची दोरी तिसऱ्यांदा ओढताना आजोबांचं मनगट लचकलं. नांगर टाकला, पण खाली नुसता कातळ, तो धरेना.

"ओहोटी आपल्याला कासवखडकाकडे नेते आहे," खुबा म्हणाला. "एकवीस मिनिटं लागतील. मदतीची बोट चाळीस मिनिटांत येईल."

"तुझं गणित चुकलं असेल."

"मी ते तीनदा केलं, केतकी."

खडकावर फुटणाऱ्या लाटांचा आवाज आता मला ऐकू येत होता. मला रडू फुटलं, खोटं कशाला बोलू?

"रड, पण हात चालू ठेव, बाय," आजोबा म्हणाले. "माझा हात गेला. आता तुझेच आहेत. तो प्लग काढ." प्लग म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा भाग. मी पाना लावून तो काढला. दोनदा पाना निसटला.

"ओला की कोरडा?"

"कोरडा."

"म्हणजे पेट्रोल इथवर येतच नाही. आता उलटं मागे जाऊ. पेट्रोल टाकीतून नळीत येतं, नळीतल्या रबरी फुग्यातून पंपाकडे, पंपातून कार्बोरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा एकत्र करणारा भाग). फुगा बघ कसा आहे."

फुगा चपटा झाला होता. दाबला तरी वर येईना.

"सोळा मिनिटं," खुबा म्हणाला.

"तू जरा गप्प बस," मी खेकसले.

आजोबा मात्र एकदम ताठ बसले. "फुगा चपटा आहे, म्हणजे पुढून पंप ओढतोय आणि मागून काही येत नाही. बिघाड फुगा आणि टाकी यांच्यामध्ये आहे. अर्धं इंजिन तपासायचं वाचलं."

नळी कुठे मुरगळली नव्हती. टाकी अर्धी भरलेली होती. झाकणावर हवेचा एक स्क्रू असतो, तो उघडाच होता. आता तपासायला काही उरलंच नाही, असं मला वाटलं.

"गोडेतेलाचा नवा डबा फोडताना आजी भोकं किती पाडते?" आजोबांनी विचारलं.

मला त्यांचा असा राग आला! आम्ही मरायला टेकलोय आणि ह्यांना तेलाचे डबे सुचतायत. "दोन," मी म्हटलं.

"एकातून तेल येतं. दुसरं कशाला?"

"हवा आत जायला."

"का जायला हवी?"

"तेल गेलं की जागा रिकामी होते. तिथे हवा आली नाही तर..." मी थांबले. "तर आतला दाब कमी होतो, आणि तेल बाहेर येत नाही."

"टाकीचंही तेच. पाच मिनिटं पेट्रोल जातं, दाब घटत जातो, शेवटी पंपाची ओढ कमी पडते. मग दहा मिनिटांत कुठूनतरी फटीतून थोडी हवा शिरते, आणि इंजिन पुन्हा पाच मिनिटं चालतं."

"पण स्क्रू उघडा आहे, आजोबा."

"स्क्रू उघडा आहे. भोक?"

मी झाकणाला डोळा लावला. नारळी पौर्णिमेला आमच्याकडे होड्या आणि इंजिनं धुऊन, रंगवून त्यांची पूजा करतात. यंदा टाकीला लाल रंगाचे दोन हात आजोबांनी स्वतः दिले होते. स्क्रूखालचं बारीक भोक त्या रंगाने लिंपून गेलं होतं.

मी गळाचं टोक घेऊन ते टोकरलं. रंगाचा खपला निघाला आणि फुस्स करून हवा आत गेली. चपटा फुगा हळूहळू वर आला. तो कडक होईपर्यंत मी दाबत राहिले, प्लग परत बसवला आणि पाय रोवून दोरी ओढली. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. खडक इतका जवळ होता की त्यावरचे कालवांचे शिंपले दिसत होते.

होडी वळली तरी मी हसले नाही. पाचवं मिनिट अजून यायचं होतं. "चार," खुबा म्हणाला. "पाच." मी डोळे मिटले. "सहा," खुबा म्हणाला, आणि मग पुढे मोजलंच नाही.

मोठेपणी मला अवकाशयान बांधायचं आहे, म्हणून बऱ्याच वेळाने मी विचारलं, "अवकाशयानाच्या टाकीला भोक पाडून काय उपयोग? बाहेर हवाच नसते."

"म्हणून तिथे दुसरा वायू सोबत नेतात. तो मागून इंधनाला दाबतो," आजोबा म्हणाले. "तू यान बांधशील तेव्हा याहून बरं काहीतरी शोध."

मी तेव्हापासून त्यावर विचार करते आहे. तीन कल्पना वहीत आहेत, दोन अगदीच टाकाऊ.

खाडीत शिरलो तेव्हा खुबाचा निरोप मिळून धावत आलेली आई धक्क्यावर उभी दिसली. पायात चप्पल नव्हती तिच्या. आजोबांनी चांगला हात माझ्या खांद्यावर ठेवला.

"आईला सगळं खरं सांगायचं," ते म्हणाले. "चूक माझी होती, म्हणून आधी मी सांगतो. मग तू."