मन्मथदादाच्या कमरेची दोरी

"दोरी कुठाय?" शिवगंगानं विचारलं, तसे डायव्हिंगचे सर हसले.

"हा समुद्री खेळ आहे बेटा. विहिरीतला गाळ काढायचा नाही."

तलावाच्या काठावर हवेच्या टाक्या मांडल्या होत्या. फार वर्षांपूर्वी बुडालेली लाँच दुष्काळानं पाणी उतरल्यामुळे आता साठ फूट खोलीवर आली होती. नवा जिल्हा झाला की पर्यटक येतील आणि पहिले गाईड तुम्हीच, असं सरांनी पाच पोरांना पटवलं होतं. त्यांत तिचा मन्मथदादा होता. तीन दिवस शाळेच्या हौदात बुड्या मारल्या, झालं शिक्षण. उद्या सकाळी तो लाँचच्या केबिनमध्ये शिरणार होता.

शिवगंगालाही त्या लाँचचं वेड होतं. दुपारी बाभळीखाली पडलं की तिला हिरवं पाणी दिसायचं, हळूच हलणारं दार दिसायचं, बाकांवर बसलेले मासे दिसायचे. पण आज मनातल्या त्या पाण्यात दादा होता, आणि तिला दार काही केल्या दिसेना.

जन्मभर विहिरींचा गाळ काढलेले मलप्पाकाका म्हणाले होते, "ती लाँच न्हाई, कपार हाय. गाळ उठला की डोळे असून आंधळा. कमरेला दोरी अन् काठावर माणूस, त्याबिगर मी कधी शिरलो न्हाई."

"सरांना सांग की," तिची मैत्रीण धुरपता म्हणाली.

"सांगितलं. नुसते हसले."

"मग दाखवू," त्यांच्या वर्गातला विरूपाक्ष म्हणाला.

काठावरच्या बंद पंपघरात एकात एक तीन खोल्या होत्या. आतल्या खोलीत त्यांनी तांब्या ठेवला.

"दादा, डोळ्यांना पट्टी बांधून आतला तांब्या आणतोस का?" शिवगंगानं विचारलं.

"एवढंच व्हय?" म्हणत मन्मथ आत गेला. धुरपता आकडे मोजू लागली. शंभराला तांब्या वाजला. दोनशेला भिंती चाचपण्याचा आवाज आला. तीनशेला दादाच्या आवाजातलं हसू गेलं होतं.

"शिवे, दार कुठं गेलं गं?"

बरोबर आणलेल्या दोरीचं एक टोक विरूपाक्षाच्या हाती देऊन शिवगंगा आत धावली. दादाचा हात धरून तिनं त्याला दोरीच्या मागानं बाहेर आणलं.

"घाबरट पोरं," गलका ऐकून आलेले सर म्हणाले आणि स्वतःच पट्टी बांधून आत शिरले. बराच वेळ धडपड ऐकू आली. मग आवाज आला, "अरे, दार उघडा कुणीतरी!"

"दार उघडंच हाय, सर," विरूपाक्ष म्हणाला.

सर पट्टी ओढून काढून, धुळीनं माखून बाहेर आले.

"गाळाची पट्टी कशी काढणार, सर?" शिवगंगानं विचारलं. "अन् टाकीतली हवा संपत आली की?"

कुणीच हसलं नाही. मन्मथनं काठावरची आपली टाकी उचलून सरांपुढं ठेवली.

"सर, तुम्ही किती लाँचमध्ये शिरलात?" त्यानं विचारलं.

"एकातही नाही," सर कपड्यांवरची धूळ झटकत म्हणाले.

संध्याकाळी सरपंच नीलाबाईंनी शिबिर बंद केलं आणि शिवगंगा, धुरपता, विरूपाक्ष या तिघांना चावडीवर बसवून सगळ्या गावादेखत शाबासकी दिली. पण शिवगंगाला आठवत राहिली ती दुसऱ्या दिवसाची सकाळ. मळ्यातल्या विहिरीचा गाळ काढायला मन्मथ निघाला होता. त्यानं कमरेला दोरी बांधली आणि दुसरं टोक काकांकडं न देता तिच्यापुढं धरलं.

"हे टोक मी कधी लेकरांच्या हाती दिलं न्हाई," मलप्पाकाका म्हणाले. "आज दे. हिला दोरी कळते."

शिवगंगानं काठावरच्या खुंट्याला दोरीचे दोन वेढे दिले. खालून दादाचा हिसका आला, तसा 'मी हाय' म्हणून तिनंही वरून एक हिसका दिला.