बिनचूक कागद

“वाचता येतं ना?”

नोंदणी कचेरीबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये टाइपरायटरमागे बसलेल्या त्या माणसानं मला विचारलेलं हे पहिलं वाक्य. असा राग आला म्हणून सांगू!

“येतं की,” मी म्हणाले. “शिलाई मशीनच्या सुईवरचा नंबरसुद्धा वाचते. दाखवू?”

तो हसला. डोळ्यांनी आधी, ओठांनी मग. शेजारी उभा असलेला दादा मात्र हसला नाही.

“तिला कशाला वाचायला हवंय? मी वाचलंय. सही कुठे करायची तेवढं दाखवा.”

“माझी पद्धत आहे, साहेब. सही करणाऱ्याला वाचून दाखवल्याशिवाय मी कागद सोडत नाही.”

आणि तो वाचू लागला. वडिलांच्या दुकानातला माझा वाटा मी भावाला कायमचा सोडून देत आहे... राजीखुशीनं... कोणाच्याही दडपणाशिवाय... तिथे तो थांबला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं.

दुकान शिलाई मशीन दुरुस्तीचं. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हापासून सात वर्षं मीच चालवत होते. पट्टा बदलणं, शटल बसवणं, तेलपाणी करणं, सगळं. गेल्या वर्षी बाबा गेले आणि दादानं दुकानाला गिऱ्हाईक शोधलं. घरी त्यानं एकदाच सांगितलं, “सही केली नाहीस, तर या घराचं दार तुला बंद.” आई मान खाली घालून भाजी निवडत राहिली. दादाच्या चपला जिन्यात वाजल्या की मी लहानपणापासून हातातलं काम टाकून उभी राहते. मोठी झाले म्हणून ती सवय काही गेली नाही.

मी पेन घेतलं. पण माझ्या अंगठ्याला मशीनचं तेल! कितीही धुतलं तरी नखात राहतंच. सहीच्या जागीच काळा डाग पसरला.

“कागद खराब झाला,” तो म्हणाला. “उद्या या.”

त्याच्या आवाजात दुःख अजिबात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आतून कागद परत आला. दुकानाच्या चतुःसीमा उलट्यापालट्या झाल्या होत्या. रस्ता पूर्वेला होता, तो पश्चिमेला जाऊन बसला होता. दादा चरफडत नवा मुद्रांक आणायला रांगेत उभा राहिला आणि आम्ही दोघंच उरलो.

“तुम्ही इथे येणाऱ्या सगळ्या बायकांना ताई म्हणता,” मी म्हणाले. “मला का नाही?”

“तेवढं एक सोडून काहीही म्हणेन.”

माझे कान तापले. मी घाईघाईनं टाइपरायटरच्या रिबनीकडे बघू लागले.

“एक सांगू?” तो हळू आवाजात म्हणाला. “तुमचा वाटा दादांइतकाच आहे. मुलगी म्हणून तसूभरही कमी नाही. तुम्ही स्वतः सोडलात तरच तो जाईल.”

“आणि घर? आई?”

त्यानं रिबनीचं चाक उगाच फिरवलं. कायद्याच्या पुस्तकात त्याचं उत्तर नसावं.

तिसऱ्या दिवशी माझं वय सव्वीसऐवजी बासष्ट झालं. या वेळी दादा ओरडला नाही. तो ओरडत नाही तेव्हाच मला जास्त भीती वाटते. त्यानं टाइपरायटरवर पंजा ठेवला आणि शांतपणे म्हणाला, “उद्या चूक झाली ना, तर ही बोटं टाइप करायच्या लायकीची राहणार नाहीत.”

आता भीती एकटीची नव्हती, त्याच्यासाठीही वाटत होती. निघताना मुद्रांक विकणाऱ्या मावशी पुटपुटल्या, “नऊ वर्षांत या टायपिस्टाची एक चूक पाहिली नाही. या आठवड्यात काय झालंय कोण जाणे!”

चौथ्या दिवशी मी दादाच्या आधी तासभर पोचले. शेडमध्ये तो टायपिस्ट टेबल पुसत होता. मला बघून फडकं हातातच राहिलं.

“मुद्दाम केलंत?”

“...हो.”

“का?”

“तुम्हाला विचार करायला वेळ मिळावा म्हणून. आणि... तुम्ही पुन्हा यावं म्हणून. खरं सांगायचं तर दुसरं कारण जरा जास्त.”

एरवी मी लाजले असते. पण डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं. “म्हणजे आजवर दादा माझ्यासाठी ठरवत होता, आता तुम्हीही ठरवणार? मला न विचारता?”

त्याचा चेहरा पडला. “चुकलं माझं,” तो म्हणाला. सबब नाही, सारवासारव नाही. तिथेच तो मला पुरता आवडला, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

“आज कागद बिनचूक करा. रस्ता पूर्वेला, वय सव्वीस. चुकीचा कागद परत गेला तर दादा नवा आणेल. रोज आणेल.”

“आणि बिनचूक कागदाचं काय करणार?”

“ते मी ठरवेन.”

तो कागद चढवू लागला. मान वर न करता म्हणाला, “आत अधिकारी बाई राजीखुशीनं सोडताय का ते विचारतील. त्याआधी दादांना बाहेर पाठवा, असं त्यांना सांगता येतं. सांगायचं की नाही, तुमचं तुम्ही बघा.”

आत पंखा गरगरत होता. कागदात एकही खोट निघाली नाही. दादा माझ्या पाठीमागे इतका जवळ उभा होता की त्याचा श्वास मानेला लागत होता.

“यांना...” माझा आवाजच फुटेना.

“मोठ्यानं बोला,” बाई म्हणाल्या.

“यांना बाहेर थांबायला सांगा.”

दादा वाकला. “मी बाहेर आहेच,” एवढंच कानात बोलून गेला.

“राजीखुशीनं सोडताय वाटा?”

“नाही,” मी म्हणाले. मग पुन्हा, नीट ऐकू जाईल असं, “नाही, बाई. दुकान मी चालवते.”

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, कागदावर नोंदणी नाकारल्याच्या दोन ओळी लिहिल्या आणि पुढचा नंबर पुकारला. इतकंच. आयुष्यभराची भीती, आणि पुढचा नंबर!

बाहेर दादानं माझा चेहरा वाचला. “घरी येऊ नकोस,” म्हणाला आणि निघून गेला. मागे वळला नाही.

तो टाइपरायटर सोडून धावत आला. “बसा जरा.”

“बसले तर उठणार नाही. दुकान उघडायचंय.”

“मी येऊ सोबत?”

“दारात पहारा द्यायला येणार असाल तर नको,” मी म्हणाले. “आत येऊन बसणार असाल तर... या.”

तो पाच वाजता आला. मी एका मशीनचं शटल उघडून बसले होते. मागच्या खोलीत झोपायची चटई झटकून ठेवली होती. आईचा फोन येऊन गेला होता. जेवलीस का, एवढंच तिनं विचारलं. बाहेर पावलं वाजली की आम्ही दोघंही दचकत होतो आणि एकमेकांना दचकताना पाहून ओशाळत होतो.

“माझी भीती काही आज जाणार नाही,” मी म्हणाले.

“नको जाऊ दे.”

“तुम्ही मात्र...” स्क्रू बोटांतून निसटला. तो उचलायला दोघंही वाकलो, आणि तिथे खालीच, त्याच्याकडे न बघता, मी वाक्य पुरं केलं. “तुम्ही मात्र इतक्यात जाऊ नका.”