दोन मिनिटांचा सूर्य

देवगाव फाट्यावर वालूरची बस आली, आणि लांबट काळी पेटी कवटाळून एक तरुण आत चढून संघप्रियाच्या शेजारी बसला. पेटीचा कोपरा तिच्या गुडघ्याला लागला.

"माफ करा हं... लय लागलं का?"

"लागलं की! एवढं काय जपायलात? बाजा हाय का?"

"न्हाई... सूर्याचा फोटो काढायचं यंत्र. मीच बनवलंय."

संघप्रिया वालूरच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिचे डोळे लकाकले. "आमच्या पोरांना दाखवता?"

त्याचं नाव धम्मानंद. परभणीच्या एका कॉलेजात तो प्रयोगशाळा सांभाळायचा. शनिवारी तो यंत्र घेऊन शाळेत आला, आणि एका शनिवारचे बघता बघता पाच शनिवार झाले. मुलं घरी गेली तरी ही दोघं शाळेच्या गच्चीवरच! सूर्याविषयी तो भरभरून बोलायचा; बाकी कशाचा विषय निघाला की चष्मा पुसत बसायचा.

सहाव्या शनिवारी मात्र तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुपारी नांदेडचे पाव्हणे तिला बघायला सेलूला घरी येणार होते. तिचे वडील, आबा, म्हणाले होते, "मनात कुणी असंल तर बाराच्या आत सांग पोरी. मी त्यांना थांबवतो."

साडेअकरा वाजून गेले होते.

"आता दोन मिनिटं हलायचं न्हाई," धम्मानंद म्हणाला. "यंत्र जागीच राहतं, सूर्य त्याच्या बारीक फटीसमोरून सरकतो. एकेक बारीक पट्टी टिपली जाते... त्या जोडल्या की अख्खा सूर्य. मधेच धक्का लागला तर तिथं खाच पडते."

दोघं श्वास रोखून उभी राहिली. कोवळी थंडी, उबदार ऊन, आणि हातभर अंतरावर तो... एक मिनिट गेलं.

"सर..."

"हलू नका."

"बोलायला तर बंदी न्हाई? आज मला बघायला पाव्हणे यायलेत."

खट्! त्याचा पाय यंत्राच्या तिपाईवर आदळला.

थोड्या वेळानं लॅपटॉपवर सूर्य उमटला — डागांसकट, देखणा; पण मधोमध करवतीसारखी खाच.

"वाया गेला की तुमचा सूर्य!"

"जाऊ द्या."

"पाय कशानं हलला?" तिनं विचारलं.

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग एका दमात म्हणाला, "तुमी त्यांना हो म्हणू नका! मला... मला तुमी पाहिजेत. पाच शनिवार सांगीन म्हणतोय, जीभच उचलंना."

बाराला सात मिनिटं कमी होती. संघप्रियानं फोन लावला.

"आबा, हाय एकजण... हो, हितंच उभा हाय. लय भित्रा हाय, पण खरा हाय. देऊ का?"

धम्मानंदनं दोन्ही हातांनी फोन धरला. "जय भीम, आबा..."

पलीकडून आबांचा खणखणीत आवाज गच्चीभर ऐकू आला —

"जय भीम. पाव्हण्यांना मी सांगतो काय सांगायचं ते. पण हिच्या मायनं किलोभर पोहे भिजवलेत, ते कुणी खायचे? निघा दोघं!"